हा दगड फक्त काडीसाठी आहे

हिंगोलीत कुणाच्या दुकानात ग्राइंडरचा दगड फिरताना दिसला, की माणसाला आपल्या घरातल्या सगळ्या बोथट वस्तू एकदम आठवतात. दगड बंद असतो तेव्हा त्याच वस्तू वर्षानुवर्षं बोथट पडून असतात आणि कुणाचं काही अडत नाही. मी आर्गन वेल्डिंगचं दुकान टाकलं, तर पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे विळे आले, कोयते आले, एक बाई मिक्सरचं पातं घेऊन आल्या आणि एका गृहस्थांनी खिशातून नेलकटर काढलं. वेल्डिंगचं काम घेऊन मात्र कुणीही आलं नाही.

आर्गन म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि सांगायला लागलो की लोक उठून जातात, असा माझा अनुभव आहे. तरी थोडक्यात सांगतो. साध्या वेल्डिंगमध्ये रॉड वितळतो आणि जोड भरतो. आमच्या कामात, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या जोडकामात, हातात धरायच्या वेल्डिंगच्या टॉर्चच्या तोंडाशी टंगस्टनची एक काडी असते, खराट्याच्या काडीएवढी बारीक. ती वितळत नाही. तिच्या टोकातून जाळ निघतो, आणि त्या जाळाभोवती आर्गन नावाचा वायू सोडलेला असतो, तो बाहेरच्या हवेला जवळ येऊ देत नाही. जाळ सरळ निघायचा तर काडीचं टोक नीट घासलेलं पाहिजे. माझ्या धंद्यातली अर्धी अक्कल त्या टोकात आहे.

दिसायला हे काम पेन्सिल छिलण्याचं. दुकानात येणारा प्रत्येक माणूस मला हे सांगतो, आणि हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं असं प्रत्येकाला वाटतं. काडी दगडावर आडवी धरून गोल फिरवली की टोकाभोवती गोल गोल ओरखडे पडतात, आणि मग जाळ एका जागी थांबत नाही, इकडं तिकडं भटकत राहतो. म्हणून काडी दगड फिरतो त्याच रेषेत धरायची, म्हणजे ओरखडे लांबीनं उतरतात. दोन बोटांत ती सावकाश आणि सारखी फिरवायची. टोकाचा उतार काडीच्या जाडीच्या दोन-अडीच पट ठेवायचा. शेवटी शेंडा अगदी किंचित सपाट करायचा, नाहीतर तो तुटून जोडातच पडतो. सांगायला हे सोपं आहे. शिकताना पुण्याकडच्या एका कारखान्यात मी उस्तादांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या, की त्यांची आठवण आली तरी अजून माझी बोटं आपोआप सारखी फिरायला लागतात.

या काडीसाठी दगड वेगळा ठेवावा लागतो. त्याच्यावर एकदा लोखंड घासलं की लोखंडाचे कण दगडात बसतात, तिथून काडीला लागतात, आणि मग जाळ थुंकायला लागतो, जोड काळा पडतो. दुधाच्या टाकीचा जोड काळा पडला की डेअरीवाला टाकी परत आणतो आणि भर रस्त्यात माझा उद्धार करतो. म्हणून मी नांदेडहून बारीक दाण्याचा एक हिरवा दगड आणला आणि ग्राइंडरच्या एका बाजूला बसवला. दुसऱ्या बाजूला पॉलिशचं कापडी चाक होतं. काडीची धूळ पोटात जाऊ नये म्हणून घासताना मी तोंडाला मास्क लावायचो. 'काहून, परत आला का काय करोना?' हा विनोद आमच्या रस्त्यावर अजून ताजा आहे.

शेवटी मी पत्र्याच्या तुकड्यावर लाल रंगानं पाटी लिहून ग्राइंडरच्या वर टांगली. 'हा दगड फक्त काडीसाठी आहे. विळा, कोयता, सुरी, कैची, अडकित्ता यांसाठी विचारू नये.' पाटीचा परिणाम असा झाला, की लोक ती आधी मोठ्यानं वाचायचे आणि मग विचारायचे.

"पाटी बराबर हाय भाऊ," एकजण म्हणाला, "पण ही कुऱ्हाड हाय. कुऱ्हाडीचं काही लिहिलेलं न्हाई."

मी सगळ्यांना शेजारच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात पाठवायचो. तिथला गॅरेजवाला कुणालाच नाही म्हणत नसे. घासून घासून त्याच्या दगडाला मधोमध खड्डा पडला होता, त्यावर धार कमी आणि ठिणग्या जास्त निघायच्या, पण रस्त्यावर नाव त्याचं होतं. मोठ्या मनाचा माणूस म्हणत त्याला. मला 'दगडवाला' म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत नसत.

याचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या वडिलांना झाला. आमचं गाव साखरा. शेती बटईनं दुसऱ्याला लावून ते माझ्याजवळ राहायला आले होते आणि दिवसभर दुकानात खुर्ची टाकून बसायचे. बाजाराच्या दिवशी गावचे लोक हळद विकायला यायचे, वडिलांना रामराम घालायचे, आणि पिशवीतून विळा काढायचे. मी पाटीकडं बोट दाखवायचो. वडील मान खाली घालायचे.

"गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तू मला," ते म्हणायचे. "एक विळा घासला तर तुझ्या दगडाचं काय जाते?"

काय जातं ते मी त्यांना अनेकदा सांगितलं होतं. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या बाजाराला तोच प्रश्न विचारायचे.

त्यात माझं लग्न राहिलं होतं. वय उलटत चाललं होतं. मुलीकडचे लोक फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, 'नोकरी सरकारी का?' दुसरा विचारायचेच नाहीत. माझी आत्या पुसेगावला दिलेली. तिनं माझं लग्न जमवायचं मनावर घेतलं आणि माझ्या पत्र्याच्या शेडचा बोलता बोलता 'स्टेनलेस स्टीलचा प्लांट' करून टाकला. आर्गन म्हणजे काय असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "ते इंजिनियरचंच असते." एका ठिकाणी तर तिनं सांगितलं, की पोराच्या हाताखाली माणसं आहेत. माझ्या हाताखाली तेव्हा वडील होते, आणि तेही माझं ऐकत नव्हते.

तर अशा पार्श्वभूमीवर पुसेगावचं स्थळ आलं. मुलगी बी.ए. झालेली, घरातच शिलाईमशीन टाकून गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. आम्ही बघायला गेलो. चहा-पोहे झाले. रीतीप्रमाणे कुणीतरी तिला स्वयंपाक येतो का विचारलं, कुणीतरी तिला उभं राहून चालून दाखवायला लावलं, जणू बैल खरेदीला आलो होतो. मग तिचे मामा, घरातले सगळ्यात मोठे, उदार होऊन म्हणाले, "तुला काय इचारायचं तर इचार बाई."

तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुमी करता काय नेमकं? प्लांट म्हणून राहिले सगळे, पण करता काय?"

झालं. कुणी असं विचारलेलं मला आयुष्यात माहीत नव्हतं. मी सुरुवात केली. काडी, उतार, ओरखडे, शेंडा, हिरवा दगड, सगळं सांगितलं. आत्यानं माझ्या पायावर पाय दिला, मी पाय काढून घेतला आणि पुढं बोलत राहिलो. मामांनी जांभई दिली. वडील छताकडं पाहत होते. त्या दगडाला दुसरं काही लावलं की माझं डोकं कसं फिरतं, इथपर्यंत आलो, आणि मग माझं मलाच कळलं की फार झालं.

ती म्हणाली, "व्हय. माझी कैची कुणी कागदाला लावली की मला बी तसंच होते."

सरळ सांगतो, मला ती तिथंच आवडली. परतीच्या गाडीत आत्या मला वेड्यात काढत होती, पोरीला दगडाच्या गोष्टी सांगतो म्हणून, आणि मी खिडकीतून बाहेर बघत हसत होतो. हे लग्न झालं पाहिजे असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं. त्याबरोबर ते मोडायची भीतीही पहिल्यांदाच वाटली.

आता रीत अशी, की मुलगी पसंत पडली की मुलीकडचे घर बघायला येतात. एका सकाळी ते आले, बरोबर आत्याही आली. मुलीचे वडील होते, पण ते नुसते आले होते, निर्णय मामांचा होता. धोतर, वर बंडी, बंडीला मोठा खिसा. मामांनी शेड पाहिलं, छताचे पत्रे मोजल्यासारखे पाहिले, मागची राहायची खोली पाहिली, आणि 'प्लांट' कुठं आहे असं विचारण्याचं सौजन्याने टाळलं. मी डेअरीच्या टाकीचा जोड करून दाखवला. जोड चांगला आला होता. मामांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि ते म्हणाले, "हात बराबर हाय पोराचा."

वडिलांचा चेहरा उजळला. त्यांनी मामांना स्वतःची खुर्ची दिली. मामा बसले, त्यांनी सुपारी काढली, खिशातून पितळी मुठीचा अडकित्ता काढला, दाबून पाहिला, आणि तो माझ्यासमोर धरला.

"बोथट झाला. जरा धार लावून दे, जावईबापू."

जावईबापू. हा शब्द मला आजवर कुणी लावला नव्हता. आत्यानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. वडील माझ्याकडं पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला नीट वाचता येत होतं. साखऱ्याचे सगळे परत गेलेले विळे होते त्यात.

मी म्हणालो, "मामा, शेजारी गॅरेज हाय. मी आत्ता लावून आणतो."

"घरचा दगड सोडून शेजाऱ्याच्या दारात काहून?"

"हा काडीचा दगड हाय मामा. लोखंड लागलं की खराब होते. मग टाकीचा जोड काळा पडते."

"एवढ्याशा अडकित्त्यानं?"

"व्हय. एवढ्याशानं बी."

मामांनी पाटीकडं पाहिलं. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, अडकित्ता या शब्दावर थांबले, आणि परत माझ्याकडं पाहिलं. पाटी मुद्दाम त्यांच्यासाठी लिहून ठेवली आहे असं त्यांना वाटलं असावं. तेवढ्यात वडील उठले. "द्या, मी लावतो," म्हणत त्यांनी अडकित्ता घेतला आणि ग्राइंडरच्या बटणाला हात घातला.

मी ग्राइंडरची पिन बोर्डातून उपसली आणि खिशात घातली.

रस्त्यावरून एसटी गेली, तिचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटला. मला आतून ओरडून सांगावंसं वाटत होतं, की घ्या, घासा, काय वाट्टेल ते घासा, पण पोरगी द्या. खिशातली पिन मात्र मी काढली नाही. का काढली नाही याचं मोठं तत्त्वाचं कारण मला देता येणार नाही. त्या क्षणी ती देणं जमलंच नाही, एवढंच.

मामांनी वडिलांच्या हातातून अडकित्ता परत घेतला, मिटला, खिशात ठेवला. मग अख्खी सुपारी तोंडात टाकली आणि दाताखाली फोडली. कडक आवाज आला. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला. "येतो," म्हणून ते उठले. चहा तसाच राहिला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. वडील माझ्याशी बोलायचे बंद झाले. जेवायला बसल्यावर मीठ पाहिजे असलं तरी ते आत्याला फोन लावून माझी तक्रार करायचे आणि मीठ स्वतः उठून घ्यायचे. नातेवाइकांचे फोन आले. पाहुण्याला नाही म्हणणारा माणूस आमच्या खानदानात आधी झाला नव्हता, हे मला बऱ्याच जणांनी कळवलं. एका चुलत्यांनी सुचवलं, की मी त्या दगडाशीच लग्न करावं, मांडव ते घालतील. गॅरेजवाला तर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. "अरे, मला आवाज द्यायचा ना, मी पळत आलो असतो." त्याच्या मोठ्या मनाचा मला इतका राग आला, की मी दिवसभर नुसत्या काड्या घासत बसलो. लागणार नव्हत्या तेवढ्या घासल्या. एकेक टोक असं आलं होतं की त्या उस्तादांनीसुद्धा शिवी दिली नसती. दाखवायचं कुणाला, ती पोरगी पुसेगावात होती.

आणि मग आत्याचा फोन आला, की होकार आहे, आणि तारीख लवकरची धरायची आहे.

माझा विश्वास बसेना. आत्यानं खुलासा केला. मामा घरी गेले, तेव्हा आधी रागानं लाल होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की ज्याला पोरगी मिळत नाही असा पोरगा मुलीच्या मामाला नाही म्हणूच शकत नाही. हा पोरगा नाही म्हणाला. म्हणजे याच्याकडं दुसरं स्थळ आलेलं असणार, तेही तगडं. म्हणून तर इतका तोरा. तेव्हा हातचं जायच्या आत बार उडवून टाकावा. मामांनी हा हिशेब सगळ्यांना समजावून सांगितला आणि सगळ्यांना तो पटला. टाकीचा जोड, काळा डाग, लोखंडाचे कण, यातलं काहीही कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. माझ्या इमानदारीला तोरा समजून मला बायको देण्यात आली, आणि मी ती मुकाट घेतली.

लग्न झालं. ती शिलाईमशीन घेऊन आली. मागच्या खोलीत खिडकीखाली मशीन ठेवलं आणि महिन्याभरात आमच्या रस्त्यावरच्या बायका तिच्याकडं यायला लागल्या. दुकानात टॉर्चचा आवाज आणि आत मशीनचा, असं आमचं सुरू झालं. मी सुखात होतो. एकदा मी तिला मामांचा तो हिशेब हसत हसत सांगितला, तर ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "दुसरं स्थळ आलं असंल, असं मीच म्हटलं होतं मामाला. ते लय तापले होते. मोडायलाच निघाले होते."

तिनं धागा दातानं तोडला.

दातानं तोडला, हे मला तेव्हाच दिसायला पाहिजे होतं. पण मला दिसत होती फक्त माझी काडी.

दिवाळीच्या आधी तिच्याकडं कामाची गर्दी झाली. एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो, तर ती जमिनीवर बसून एका साडीचा फॉल कापत होती आणि कैची कापड कापत नव्हती, चावत होती. कापडाच्या कडेला दोरे निघाले होते. तिच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. मी कैची हातात घेतली. पात्यांवर खडबडीत खाचा होत्या, दोन्ही पाती मध्येच वाकडी घासलेली. त्या खाचा मी ओळखल्या. खड्डा पडलेल्या दगडावरच तशा पडतात.

"हे गॅरेजात लावलं?"

"व्हय. दोनदा लावलं. दुसऱ्यांदा तर जास्तच बिघडली."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "पाटीत कैची लिहिलेली हाय," ती म्हणाली, आणि फॉल परत हातात घेतला.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी चिडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. अख्ख्या हिंगोलीत त्या पाटीवर विश्वास ठेवणारं एकच माणूस निघालं होतं, आणि ते माझ्या पाठीमागच्या खोलीत, चांगल्या दगडापासून एका भिंतीच्या अंतरावर, बोथट कैचीनं अंगठा सोलून घेत होतं. मला रडू आलं. मी पाणी पितोय असं दाखवत तिथंच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून नांदेडला गेलो. तसाच बारीक दाण्याचा दुसरा दगड आणला. पॉलिशचं चाक काढलं आणि त्या जागी तो दगड बसवला. कैचीची दोन्ही पाती सुटी केली, खाचा जाईपर्यंत हलक्या हातानं घासली, परत जोडली. तिनं ती कापडाच्या कडेला लावली आणि नुसती पुढं ढकलली. कापड आपोआप उघडत गेलं. त्या संध्याकाळी तिनं नको असलेल्या चिंध्यासुद्धा कापल्या. मी पाटीत दुरुस्ती केली. 'हा दगड फक्त काडीसाठी आहे. तो दगड फक्त घरच्या कैचीसाठी आहे.'

पाहुण्यांना बातमी लागायला वेळ लागत नाही. दिवाळीला मामा आले. फराळ झाला, दुकानात येऊन ते वडिलांच्या खुर्चीत बसले, पाटी नीट वाचली, आणि खिशातून तो पितळी मुठीचा अडकित्ता काढला.

"आता दुसरा दगड आला म्हणून राहिले. अडकित्ता म्हंजे तरी काय, सुपारीची कैचीच. आणि आमी घरचेच झालो की आता, जावईबापू."

वडिलांनी आशेनं माझ्याकडं पाहिलं. मी बोर्डातल्या पिनेकडं पाहिलं. पण माझा हात पोचायच्या आधी आतलं मशीन थांबलं आणि ती दारात आली. गळ्यात टेप, हातात कैची.

"मामा," ती म्हणाली, "शेजारी गॅरेज हाय. तिथं लावून देतात."

मामांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग बराच वेळ पाटीकडं. अडकित्ता मिटून खिशात ठेवला, अख्खी सुपारी तोंडात टाकली आणि दाताखाली फोडली. या खेपेला आवाज तेवढा कडक आला नाही.